मेणबत्तीवर बसलेले पाहुणे

"मॅडम, म्हणजे आम्ही सगळे आत्ता एका मोठ्या मेणबत्तीवर बसलोय का?"

हा प्रश्न मी शाळेच्या भरगच्च सभागृहात, उभं राहून, खणखणीत आवाजात, अग्निशमन दलाच्या मिसेस मुतेरो यांना विचारला. आवाज माझा होता, पण पैज माझ्या मैत्रिणींची, मैदेई आणि नेत्साईची होती. "शुवाई, तू नुसती बोलतेस, विचारणार नाहीस," असं मैदेई कुजबुजली, आणि माझं मलाच कळलं नाही मी कधी उभी राहिले ते. गेल्या वर्षीपर्यंत मी वर्गात हजेरी देतानासुद्धा पुटपुटायचे. यंदा माझा आवाज सापडला आहे, आणि सापडलेली वस्तू कोणी कपाटात ठेवून देतं का?

प्रश्न तसा सरळ होता. आमच्या सभागृहाची फरशी लाल पॉलिशची. ती आम्हीच मुली गुडघे टेकून घासतो आणि मग पायाला ब्रश बांधून घसरत घसरत चमकवतो. हल्ली पॉलिश पुरवून वापरायचं म्हणून त्यात पेट्रोल घालून पातळ करायची पद्धत पडली होती. आणि मिसेस मुतेरो नुकत्याच सांगत होत्या, "पेट्रोल पेटत नाही, मुलींनो, त्याची वाफ पेटते. ती हवेपेक्षा जड असते. जमिनीवरून सरपटत जाते आणि विस्तव शोधते. विस्तव तिच्याकडे यावा लागत नाही, ती विस्तवाकडे जाते."

माझा प्रश्न ऐकून त्या आधी हसल्या. मग हसायच्या थांबल्या. खाली वाकल्या, फरशीचा वास घेतला, आणि मंचाकडे वळून म्हणाल्या, "ही पद्धत कोणी सुरू केली?"

मंचावर पालक समितीचे अध्यक्ष बसले होते. ते माझे बाबा.

घरी त्या दिवशी बाबा जेवले नाहीत, फक्त ताटाकडे बघत राहिले. बाबा विमा कंपनीत आहेत, दाव्यांच्या विभागात. अख्ख्या मुतारे शहरात कोणाचं काय जळलं, हे आधी त्यांना कळतं आणि मग शेजाऱ्यांना. अशा माणसाला स्वतःच्या मुलीने आगीवरून चारचौघांत उघडं पाडावं! शेवटी अमाईने, म्हणजे आईने, निकाल दिला. "शनिवारी रुवाचा रोरा आहे. फराईकडची माणसं देज घेऊन मागणी घालायला येणार. ते उरकेपर्यंत शुवाई एकही प्रश्न विचारणार नाही."

"पण का?" मी म्हणाले.

"हा बघ, विचारलास!"

त्या रात्री सिसी रुवा, म्हणजे माझी मोठी बहीण, माझ्या खाटेवर येऊन बसली. तिचं आणि फराईचं चार वर्षं चाललंय. फराईचे काका आधीच कुरकुरत होते की आमच्या चिकांगा वस्तीतली शिकलेली माणसं आखडू असतात, आपल्याला जमायचं नाही. "शुवा, या वेळी काही बिनसलं तर ते परत यायचे नाहीत," ती म्हणाली. "माझ्यासाठी गप्प राहशील? शनिवारपर्यंत?"

सिसी कधी काही मागत नाही. मी तोंडाला कुलूप लावलं.

आणि नेमकं तेव्हाच अमाईला वाटलं की आपली फरशी निस्तेज दिसते.

दुकानातलं पॉलिश नको, त्यात मेणापेक्षा पाणीच जास्त, असं तिचं ठाम मत. तिच्या आजीची कृती होती: मेणबत्त्या वितळवायच्या, त्यात लाल रंगाची भुकटी आणि रॉकेल घालायचं, थिजलं की लावायचं. घरातल्या झाडून सगळ्या मेणबत्त्या डब्यात गेल्या. रॉकेल मात्र कुठल्याच दुकानात मिळेना.

"मी रेल्वेत असताना," कुंपणापलीकडून आवाज आला, "आम्ही पेट्रोलच वापरायचो."

हे शेजारचे वा-चिगुंबा. रेल्वेतून निवृत्त झालेत, पण रेल्वे काही त्यांच्यातून निवृत्त झालेली नाही. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे पेट्रोलने पॉलिश चटकन वाळतं आणि त्यात तोंड बघून दाढी करता येते.

बाबा प्लास्टिकचा कॅन घेऊन पंपावर गेले. पंपवाला म्हणाला, सुटं पेट्रोल हवं तर पोलिसांची चिठ्ठी आणा. पोलीस म्हणाला, कारण काय लिहू? बाबा म्हणाले, "मुलीच्या रोरासाठी." पोलिसाने लेखणी खाली ठेवली. "बाबा, तुम्ही नक्की कोणाला जाळणार आहात?" शेवटी 'गवत कापायचं यंत्र' असं लिहायचं ठरलं, तर साहेबांचा शिक्का साहेबांच्या खणात आणि साहेब कोणाच्या तरी अंत्यविधीला चिमानीमानीला गेलेले. अर्धा दिवस बाकावर काढून बाबा हात हलवत परत आले, तर वा-चिगुंबा गाडीला टेकून उभे. "पण मुकोयी, तुमच्या गाडीच्या टाकीत पेट्रोल आहेच की! नळी लावा आणि ओढा."

बाबांनी नळी लावली आणि ओढलं. जरा जास्तच ओढलं. नंतर बराच वेळ ते नळाखाली चुळा भरत होते. वा-चिगुंबा त्यांच्या पाठीवरून हात फिरवत होते आणि सांगत होते की रेल्वेत असताना हे असं अनेकांचं व्हायचं. मी हाताला लागेल ते आगपेटीसारखं काहीही उचलून लांब ठेवत होते.

मागच्या अंगणात चुलीवर मेण वितळत होतं. अमाई पेट्रोलचा कॅन घेऊन डब्याकडे निघाली. चुलीच्या वर असलेल्या डब्याकडे! माझ्या घशाशी प्रश्न आला आणि मी तो गिळला. प्रश्नांना बंदी होती, विधानांना नव्हती.

"मिसेस मुतेरो म्हणतात की वाफ विस्तवाकडे जाते," मी विधान केलं.

"या विधानाला प्रश्नाची शेपटी आहे," अमाई म्हणाली.

मग मी सरळ फडक्याने डबा उचलला आणि अंगणाच्या पार टोकाला, पेरूच्या झाडाखाली नेऊन ठेवला. मेण ओतायला तिथे सावलीत बरं, असं काहीतरी बोलले. थोडं मेण माझ्या चपलेवर सांडलं, थोडं अमाईच्या कोबीवर. कोबीवरून मी जे ऐकून घेतलं, ते इथे लिहीत नाही. पण पेट्रोल झाडाखाली ओतलं गेलं, चुलीवर नाही. याबद्दल मला कोणी शाबासकी दिली का? (हा प्रश्न मी आता विचारू शकते, बंदी उठली आहे.)

शुक्रवारी दुपारी बैठकीची खोली आणि मागचा व्हरांडा लालभडक झाला. वीज सकाळपासून गेलेली होती, पण त्याचं कोणाला काय? धूळ बसू नये म्हणून अमाईने खिडक्या बंद केल्या आणि फटींत घोंगड्या कोंबल्या. एवढ्यात बाबांची बहीण, आमची तेते, मुटासाहून आली. रोरामध्ये तेतेचा शब्द शेवटचा. ती दारात उभी राहिली, तिने दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाली, "वा! याला म्हणतात स्वच्छतेचा वास." मग डोकं गच्च धरून व्हरांड्यात बसली. उन्हातून आल्यामुळे दुखतंय म्हणाली.

संध्याकाळ झाली. तेतेला तिची पिशवी हवी होती, ती आत अंधारात राहिलेली.

"मेणबत्ती आण गं," तेते म्हणाली.

"नाहीयेत," मी म्हणाले.

"एवढ्या मोठ्या घरात एक मेणबत्ती नाही? गेल्या कुठे सगळ्या?"

"फरशीवर."

आम्ही केवढ्या संकटातून वाचलो होतो, ते त्या क्षणी फक्त मला कळलं. आणि पाठोपाठ दुसरा विचार आला: शेगडी!

आमच्या भागात वीज कधी येईल याचा नेम नसतो, म्हणून अमाई, आणि गल्लीतली प्रत्येक अमाई, विजेच्या शेगडीवर घेवड्याचं भांडं चढवून बटण चालू ठेवूनच देते. वीज आली की घेवडा आपोआप शिजायला लागतो. मग आपण घरात असो, चर्चमध्ये असो, नाहीतर झोपेत. स्वयंपाकघर आणि बैठकीच्या खोलीत दार नाही, नुसती कमान आहे. आणि खोलीत दुपारपासून कोंडलेली पेट्रोलची वाफ, जमिनीलगत, विस्तव शोधत.

तेवढ्यात टेकडीवरून आरोळी आली. वीज परतते तेव्हा पोरंटोरं ओरडतात, शिट्ट्या मारतात. आधी वरची गल्ली ओरडते, मग मधली, मग आम्ही. वरची गल्ली ओरडली होती.

मी धावले. मुख्य बटणाची पेटी बाहेर भिंतीवर आहे. ती उघडून खटका खाली ओढला, तेव्हा मधली गल्ली ओरडत होती. मग आत शिरून घोंगड्या उपसल्या, खिडक्या सताड उघडल्या. आमच्या गल्लीने जल्लोष केला, सगळ्या घरांत दिवे लागले, आणि आमचं घर काळंकुट्ट राहिलं.

मला बोलायला मिळण्याआधीच बाबांनी वीज कार्यालयाला फोन लावला होता. "नाही, फक्त आमचं घर! मी कर भरतो, बिल भरतो, मी पालक समितीचा... होय, थांबतो." ते बराच वेळ थांबले. फोनवर कसलं तरी गाणं वाजत होतं. तक्रारीचा क्रमांक मिळाला, साहेबांचं नाव मिळालं, साहेबांवरचे साहेब मिळाले, आणि मग बाबांचा चेहरा बदलला. "मेन स्विच?" ते म्हणाले. "बघितला नाही. कशाला बघू? तो कोण बंद करणार?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सगळं सांगितलं: वाफ, शेगडी, घेवडा, आरोळी.

"पण काही झालं का?" बाबा म्हणाले.

"मी बंद केला म्हणून नाही झालं!"

"जे झालं नाही त्याचा दावा लागत नाही, शुवाई. मी वीस वर्षं हेच काम करतोय."

आता सांगा, न झालेल्या आगीचा पुरावा आणायचा कुठून? राख तरी दाखवता आली असती! तेते म्हणाली, मुलीच्या डोक्यात शाळेने वारं भरलंय. अमाई फरशीकडे बघत होती. उघड्या खिडक्यांतून अख्ख्या चिकांगाची धूळ आत आली होती आणि ओल्या पॉलिशवर जाऊन बसली होती.

शनिवारी भल्या सकाळी, धुळीसकट, दुसरा हात दिला गेला. या वेळी खिडक्या उघड्या होत्या, एवढाच माझा विजय. सिसी रुवा आरशासमोर केसांना पिना लावत होती. तिने आरशातूनच माझ्याकडे बघितलं. "आजचा एकच दिवस, शुवा," ती म्हणाली.

फराईकडून मध्यस्थ म्हणून वा-मादझिवा आले, बरोबर फराईचे ते कुरकुरे काका. वा-मादझिवा म्हणजे देखणा माणूस! सायीच्या रंगाचा सूट, जोडे असे की आमच्या फरशीलाही लाज वाटावी. फाटकातून आत घ्यायलाच तेतेने त्यांना ताटकळत ठेवलं. मग रीतीप्रमाणे पाहुणे मंडळी जमिनीवर बसली, आमची माणसं खुर्च्यांवर. टाळ्या वाजवून नमस्कार झाला. तेतेने दंड लावायला सुरुवात केली. टाळी उशिरा वाजवली म्हणून दंड. मध्येच खोकले म्हणून दंड. घड्याळ बघितलं म्हणून दंड.

"तेते, श्वास घेतलेला चालेल ना?" वा-मादझिवा म्हणाले.

"हळू घ्या," तेते म्हणाली.

सगळे हसले. सगळं छान चाललं होतं. मी आतल्या दारात सिसीचा हात धरून उभी होते. पहिली देणी झाली, तेव्हा आभार मानायला वा-मादझिवा उठले आणि वळले.

त्यांच्या सायीच्या रंगाच्या पँटवर मागे दोन गोल लाल चंद्र उगवले होते.

कोणी हसलं नाही. हसलं असतं तर बरं झालं असतं. वा-मादझिवांनी मागे हात लावला, हात बघितला, आणि फार हळू आवाजात म्हणाले, "तेते, सकाळपासून दंड आम्ही भरतोय. हा कोणी भरायचा?"

तेतेचं तोंड उघडं राहिलं. आयुष्यात पहिल्यांदा मुलीकडच्यांना कोणी दंड मागत होतं. कुरकुऱ्या काकांना तर आनंदच झालेला दिसला. "चला, मी म्हणालोच होतो," असं म्हणून ते जोडे शोधायला लागले. सिसीचा हात माझ्या हातातून सुटला आणि आतून रडण्याचा आवाज आला.

"थांबा, थांबा!" जेवायला बोलावलेले वा-चिगुंबा पुढे झाले. "पेट्रोलने मिनिटात निघेल. मी रेल्वेत असताना..."

आणि ते वा-मादझिवांना हाताला धरून मागे घेऊन गेलेसुद्धा. काय सांगू! मी तांब्या आणि तस्त घेऊन पाहुण्यांचे हात धुवायला मागच्या अंगणात गेले, तर वा-मादझिवा व्हरांड्याच्या कठड्याला धरून वाकलेले, आणि वा-चिगुंबा पेट्रोलमध्ये बुचकळलेल्या फडक्याने त्यांची पँट घासतायत. पँट त्यांच्या अंगावरच! चार हातांवर चुलीवर सादझाचं, म्हणजे मक्याच्या उकडीचं, मोठं पातेलं रटरटतंय. डाग गेले होते, खोटं का बोला. पँट मात्र चिंब झाली होती.

"गार लागतंय हो," वा-मादझिवा म्हणाले.

"मग चुलीला पाठ करून उभे राहा जरा. लगेच वाळेल."

आणि ते निघाले. चुलीकडे, पाठ करून, उलट पावलांनी.

मला सिसीचं रडणं ऐकू येत होतं. मध्यस्थाला मोठ्याने बोलणं म्हणजे त्याला पाठवणाऱ्या सगळ्या घराण्याला बोलणं. त्याला हात लावणं तर कोणी ऐकलेलंसुद्धा नाही. आणि मी गप्प राहायचं वचन दिलं होतं. हे सगळं मला माहीत होतं, आणि मी तरी ओरडले, "वा-मादझिवा! थांबा! मागे जाऊ नका!"

चौदा वर्षांच्या पोरीचं कोण ऐकतं? त्यांनी आणखी एक पाऊल मागे टाकलं. मी तांब्या फेकला, त्यांच्या कोटाला दोन्ही हातांनी धरलं आणि जीव खाऊन ओढलं. आम्ही दोघं पार पेरूच्या झाडाजवळ गेलो आणि ते मटकन अमाईच्या उरलेल्या कोबीत बसले.

तेते किंचाळली. बाबा दारात थिजले. त्यांच्यामागे कुरकुरे काका, एका पायात जोडा घालून. "बघा! पाहुण्यांना ओढतात!"

"काय ही मुलगी!" वा-चिगुंबा म्हणाले आणि रागाने फडकं व्हरांड्यावर आपटलं. "मी रेल्वेत असताना..."

तेवढ्यात ते सरपटत गेलं. मी बघितलं, सगळ्यांनी बघितलं. चुलीतून एक निळी जीभ निघाली, जमिनीवरून धावली, ओल्या फरशीवरून चढली आणि फडक्याला भेटली. भप्प! वा-चिगुंबांच्या तोंडासमोर एकदम आग उभी राहिली. ते मागच्या मागे बसले. अमाईने सादझाच्या पातेल्यावरचं झाकण उचललं आणि फडक्यावर दाबून धरलं. 

झाकण उचललं तेव्हा सगळं विझलं होतं. व्हरांड्यावर काळाकुट्ट डाग उरला होता. वा-चिगुंबांना कुठे लागलं नव्हतं, फक्त त्यांच्या भुवया गेल्या होत्या. त्यामुळे ते कायमचे आश्चर्यचकित दिसत होते, आणि रेल्वेतलं काहीच त्यांना आठवत नव्हतं.

वा-मादझिवा कोबीत बसल्या बसल्या चुलीकडे बघत होते, आपण जिथे उभे राहणार होतो त्या जागेकडे. मग त्यांनी दोन्ही तळहात जुळवले आणि माझ्याकडे बघून हळूहळू टाळी वाजवली. आम्ही वडीलधाऱ्यांना वाजवतो तशी. मला काय करावं ते कळेना, म्हणून मी गुडघे टेकले. आम्ही दोघंही कोबीत.

"मुकोयी," ते बाबांना म्हणाले, "पँट द्या एखादी. कोरडी. काका, तुम्ही जोडा काढा, आपलं काम राहिलंय." मग तेतेकडे वळून म्हणाले, "आमची एक विनंती आहे. आम्ही एकच मुलगी न्यायला आलोय. ही दुसरी आम्हाला झेपायची नाही."

आधी तेते हसली. मग सगळेच. सिसी दारात येऊन उभी राहिली, डोळे सुजलेले, पिना निसटलेल्या. तिने माझ्याकडे जे बघितलं ते मी कोणाला सांगणार नाही.

बाबांची पँट वा-मादझिवांना पोटरीपर्यंतच आली. तशा अवतारात त्यांनी रोरा पार पाडला, चटईवर बसून, आणि तेतेने उरलेला सगळा वेळ एकही दंड लावला नाही.

पाहुणे गेले तेव्हा अमाई आणि बाबा मागच्या व्हरांड्यात त्या डागाशेजारी उभे होते. बाबा वाकून डाग निरखत होते, दाव्यांच्या विभागात निरखत असतील तसा. "हे झालं," ते स्वतःशीच म्हणाले. "आता झालं."

कुंपणापलीकडून माय चिगुंबांचा, वा-चिगुंबांच्या बायकोचा, आवाज आला, "काळा पडलाय का? त्याला थिनर लाव, बाई. एका हातात निघेल!"

अमाईने माझ्याकडे बघितलं. बाबांनीही. दोघंही कशाची तरी वाट बघत होते.

मी हातातली उष्टी ताटं खाली ठेवली.

"अमाई, बाबा, मी एक ठरवलंय," मी म्हणाले, सभागृहात बोलले होते त्याच आवाजात. "हा डाग कोणी काढायचा नाही. मी शिकून, नोकरी करून, मग कधीतरी माझा रोरा होईल, तेव्हा येणाऱ्यांना बैठकीच्या खोलीत न्यायचं नाही. इथे बसवायचं, नुसत्या पाण्याने पुसलेल्या फरशीवर, या डागाच्या समोर. ते विचारतील, हा कसला डाग? आणि त्याचं उत्तर तेते देणार नाही. मी देणार."